१८ मिनिटांचा अडाजिओ

गुस्ताव माहलरच्या नवव्या सिम्फनीचा शेवटचा भाग हा एक अडाजिओ, म्हणजे संथ लयीतला भाग, आहे, आणि आजच्या मैफलीत तो सहसा पंचवीस मिनिटं चालतो. संचालक लेनर्ड बर्नस्टाइननं १९८५ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये तो जवळपास अर्ध्या तासापर्यंत लांबवला. अशा वादनांनी आपल्या कानाला एक सवय लावली आहे. स्वर विझत जातात, शांतता पसरत जाते, श्रोते खुर्चीत हलायलाही धजत नाहीत. या सिम्फनीचं पहिलं ध्वनिमुद्रण मात्र माहलरला जवळून ओळखणाऱ्या माणसाच्या हाताखाली झालं, आणि त्यात हाच अडाजिओ सुमारे १८ मिनिटांत संपतो. व्हिएन्ना फिलहार्मोनिक, संचालक ब्रूनो वॉल्टर, १६ जानेवारी १९३८.

त्या मैफलीनंतर आठ आठवड्यांच्या आत हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं. त्यामुळे या तबकड्यांविषयी कुणीही लिहायला बसलं की निरोपाची भाषा आपोआप येते. माहलरनं जगाचा घेतलेला निरोप, व्हिएन्नानं आपल्या वैभवाचा घेतलेला निरोप, आणि दोन्हींवर इतिहासाची काळी किनार. हे सगळं वाचून मी पहिल्यांदा हे मुद्रण ऐकलं तेव्हा कान त्याच सुराच्या शोधात होते, आणि तो सूर काही केल्या सापडेना. कानांवर येत होतं ते घाईतलं, धगधगतं, जागोजागी अडखळणारं आणि विलक्षण जिवंत वादन. पुढं काय होणार आहे हे आपल्याला ठाऊक आहे. त्या वाजवणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. ऑस्ट्रियाच्या चान्सेलरला हिटलरनं बेर्खटेसगाडेनला बोलावून दमात घेतलं तेही १२ फेब्रुवारीला, म्हणजे मैफलीनंतर जवळपास महिन्यानं. हे मुद्रण ऐकताना आपल्याजवळची माहिती थोडा वेळ बाजूला ठेवली, तरच त्यात खरोखर काय वाजलं आहे ते ऐकू येतं, असं माझं ठाम मत आहे.

निरोपाची कल्पना मुळात सिम्फनीच्या जन्मकथेतून येते. १९०७ मध्ये माहलरची मोठी मुलगी मारिया गेली. त्याच उन्हाळ्यात त्याच्या हृदयाच्या झडपेत दोष असल्याचं निदान झालं, आणि त्याच वर्षी व्हिएन्नाच्या ऑपेरातलं दहा वर्षांचं पद त्यानं सोडलं. दोन वर्षांनी, १९०९ च्या उन्हाळ्यात, आल्प्समधल्या टोब्लाखजवळ त्यानं नववी सिम्फनी रचली. एवढं वाचलं की अर्थ हाती लागल्यासारखा वाटतो. पण तोच माहलर त्या वर्षी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकची सूत्रं हाती घेत होता आणि पुढच्याच उन्हाळ्यात दहाव्या सिम्फनीत बुडून गेला होता. मरणाच्या तयारीला लागलेल्या माणसाचा दिनक्रम असा नसतो. १८ मे १९११ ला तो गेला, तेव्हा नववी त्यानं वाद्यवृंदाकडून ऐकलेली नव्हती. ती पहिल्यांदा वाजली २६ जून १९१२ ला, व्हिएन्नात. वाद्यवृंद होता व्हिएन्ना फिलहार्मोनिक आणि संचालक ब्रूनो वॉल्टर.

म्हणजे १९३८ च्या त्या रविवारी तोच वाद्यवृंद होता आणि तोच संचालक. वॉल्टर १८९४ मध्ये, अगदी पोरसवदा वयात, हॅम्बुर्गच्या ऑपेरात माहलरच्या हाताखाली आला. १९०१ मध्ये माहलरनं त्याला व्हिएन्नाला बोलावून घेतलं. व्हायोलिनांच्या पहिल्या खुर्चीत आर्नोल्ड रोझे होता. तो १८८१ पासून त्या खुर्चीत बसत होता, आणि माहलरची बहीण युस्टिने ही त्याची पत्नी. मैफल झाली म्युझिकफेराइनच्या सोनेरी सभागृहात. १८९८ ते १९०१ या काळात खुद्द माहलर तिथं याच फिलहार्मोनिकच्या मैफली चालवत असे. आपल्याकडे घराण्याची चीज घराण्यातल्या माणसाकडून ऐकण्याला जे मोल असतं, ते इथं शब्दशः आहे. माहलरचा शिष्य, माहलरचा मेहुणा, माहलरचा वाद्यवृंद.

हे सगळं तबकडीवर उतरवायला एच. एम. व्ही.च्या वतीनं आला होता फ्रेड गैसबर्ग. या नावाशी आपलं जुनं नातं आहे. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहरजान यांचं गाणं मुद्रित करणारा गैसबर्ग तो हाच. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, कर्ण्यासमोर तोंड धरून गावं लागे आणि तीनेक मिनिटांत सगळा राग मांडून मोकळं व्हावं लागे. पस्तीस वर्षांनी त्याच गैसबर्गनं सत्तर मिनिटांची सिम्फनी, भरल्या सभागृहात, श्रोत्यांसमोर, एका दमात टिपायचं ठरवलं. तबकडीची एक बाजू चार-साडेचार मिनिटांची. सिम्फनीच्या वीस बाजू झाल्या. स्टुडिओत दर चार मिनिटांनी थांबून, चुकलं तर पुन्हा वाजवून हे काम सुखरूप झालं असतं. पण या मुद्रणाला जे काही मोल आहे ते थांबायची सोय नसण्यातूनच आलं आहे. हॉर्न घसरला तर तो घसरलेलाच राहिला. कुणाला खोकल्याची उबळ आली तर तीही वाजून गेली.

खरखरीचं म्हणाल, तर मराठी श्रोत्याला तिचं भय वाटायचं कारण नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ज्या तबकड्यांवर आपल्या कित्येक पिढ्यांचे कान तयार झाले त्या याच दशकातल्या. खरखरीच्या पलीकडचा स्वर निवडून घ्यायची ती सवय इथं पुरेपूर कामी येते.

पहिला भाग सुरू होतो तो जवळजवळ काहीच नसल्यासारखा. चेलो आणि हॉर्न एकच स्वर आलटून पालटून, तुटक, अडखळत्या लयीत धरतात. हार्पवर खोल, घंटेसारखे चार स्वर पडतात. दबक्या आवाजातला हॉर्न काहीतरी अर्धवट म्हणतो, व्हायोला थरथरतात. आणि मग सुरावट येते. ती पहिल्या व्हायोलिनांना दिलेली नाही, दुसऱ्यांना दिली आहे. जणू मुख्य गायकानं तोंड उघडायच्या आधी मागं बसलेल्यानंच ध्रुवपद धरावं. ही सुरावट म्हणजे खरं तर दोनच स्वर आहेत: एक, आणि त्याच्या लगत खालचा. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर उतरायचं आणि षड्जावर न येताच थांबायचं. पुढची पंचवीस मिनिटं या अर्धवट उतरलेल्या पायरीवर उभी आहेत.

बहुतेक संचालक इथं काळजीपूर्वक, पाऊल न वाजवता चालतात. माहलरनं वर लिहिलं आहे 'आंदान्ते कोमोदो', म्हणजे चालीत, सहजपणे, आणि वॉल्टर खरोखरच चालतो. व्हायोलिनं त्या दोन स्वरांमधून उतरताना बोट तारेवरून उचलत नाहीत, स्वर घासत खाली येतो. आपण याला मींड म्हणू. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य वाद्यवृंदांनी ही मींड जवळजवळ टाकून दिली, तिला भाबडेपणा ठरवलं. इथं ती आहे, आणि तिच्यामुळे ती सुरावट बोलणाऱ्या माणसाच्या आवाजाजवळ येते. आणखी एक गोष्ट लक्षपूर्वक ऐकण्यासारखी आहे. स्वराला सतत दिलेला तो कंप, ज्याला व्हायब्रॅटो म्हणतात, इथं फारच बेताचा आहे. इंग्लिश संचालक रॉजर नॉरिंग्टन जुन्या वादनपद्धतीचा पुरस्कार करताना याच मुद्रणाचा दाखला देत असे. त्याचे सगळे निष्कर्ष मला पटत नाहीत. पण या वादनातला तारांचा आवाज सरळ, काहीसा उघडा आहे, एवढं कुणालाही ऐकू येतं. भावना कंपातून न येता स्वर धरण्या-सोडण्यातून येते. आपल्या कानाला हे लगेच ओळखीचं वाटतं.

मग संगीत चढत जातं आणि कोसळतं, पुन्हा चढतं, पुन्हा कोसळतं. प्रत्येक चढणीवर वॉल्टर लय ओढून धरत नाही, पुढं ढकलतो. वाजवणारे मागं पडू लागतात, पितळी वाद्यं आणि तारा क्षणभर एकमेकांना चुकतात, आणि शिखर येतं तेव्हा ते आखून ठेवलेलं वाटत नाही. सगळ्यांत मोठ्या कोसळण्याच्या क्षणी, अगदी सुरुवातीला चेलो-हॉर्ननं कुजबुजलेली ती अडखळती लय ट्रोम्बोन पूर्ण ताकदीनिशी ओरडतात. बर्नस्टाइननं या लयीत माहलरच्या बिघडलेल्या हृदयाचे ठोके ऐकले, आणि तेव्हापासून ते वाक्य प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेत छापलं जातं. असेलही. पण वॉल्टरच्या हाती तो क्षण रोगनिदानासारखा लागत नाही. बाहेरून कुणीतरी दार फोडून आत यावं तसा लागतो. त्यानंतरची अंत्ययात्रेची लय, खोल घंटा, टिंपनी, हे सारं तो रेंगाळू न देता पार करतो. शेवटाकडे बासरी आणि हॉर्न दोघंच उरतात आणि एकमेकांभोवती फिरत राहतात. इथं मात्र तो पहिल्यांदा घड्याळ विसरतो. सगळ्या भागात हीच एक जागा त्यानं खरोखर सैल सोडली आहे, आणि आधीच्या घाईमुळेच ती एवढी मोकळी वाटते.

दुसऱ्या भागाबद्दल थोडक्यात सांगतो. तो लेंडलर आहे, ऑस्ट्रियन खेड्यातला जड पायांचा नाच, आणि माहलरनं व्हायोलिनं गावठी वाटावीत अशी स्पष्ट सूचना केली आहे. व्हिएन्नाच्या वादकांना ही चाल शिकवावी लागत नाही. ठोके किंचित अलीकडे-पलीकडे सरकतात, आणि ते कुठं सरकायचे हे लिहून दाखवता येत नाही. मधेच वेगवान वॉल्ट्झ घुसतो. इथं वाद्यवृंद बऱ्याच वेळा विस्कटतो, आणि काही जागा मला खरंच ओबडधोबड वाटतात, माहलरला हवा होता त्याहूनही जास्त.

तिसरा भाग, रोंडो-बुर्लेस्क, हा या मुद्रणाचा गाभा आहे, असं माझं मत कालांतरानं झालं. हस्तलिखितात माहलरनं हा भाग 'अपोलोमधल्या माझ्या बंधूंना', म्हणजे हमपेशा संगीतकारांना, अर्पण केला होता, आणि त्या अर्पणाला धार आहे. तुला नीट सुरावटी विणता येत नाहीत असं म्हणणाऱ्यांना उत्तर म्हणून त्यानं इथं एकावर एक इतक्या सुरावटी चढवल्या आहेत की वाजवणाऱ्यांची दमछाक व्हावी. वॉल्टर हा भाग साधारण अकरा मिनिटांत पळवतो. फिलहार्मोनिकला तो वेग झेपत नाही. झेपत नाही हे ऐकू येतं, आणि तरीही कुणी मागं हटत नाही हेही ऐकू येतं. आजचे वाद्यवृंद हा भाग अचूक, चकचकीत वाजवतात, प्रत्येक वाद्य सुटं ऐकू येतं. तो अचूकपणा मी मनापासून मानतो. पण या संगीतातला राग, ते दात-ओठ खाणं, अचूकपणातून येत नाही. ते हात तोकडे पडण्यातून येतं.

आणि याच दंग्याच्या मध्यावर अचानक आभाळ उघडतं. डी मेजरमध्ये ट्रंपेट एक छोटी आकृती वाजवतो: मूळ स्वराला वरून आणि खालून वळसा घालून पुन्हा त्याच स्वरावर यायचं, आपल्या मुरकीच्या जवळ जाणारी जागा. थोड्याच वेळात क्लॅरिनेट ती वेडावून दाखवतो आणि दंगा परत सुरू होतो. पण ती आकृती विसरायची नाही. अख्खा अडाजिओ तिच्यातूनच उगवतो. अनेक संचालक या ट्रंपेटच्या जागेवर एवढा वेग उतरवतात की ती पुढच्या भागाची जाहिरात वाटू लागते. वॉल्टर सांगत काहीच नाही. तो ती जागा येऊ देतो, तिला तिचा श्वास देतो आणि पुन्हा पळू लागतो. त्यामुळे पाच-सहा मिनिटांनी अडाजिओच्या पहिल्या ओळीत व्हायोलिनं तोच वळसा घेतात तेव्हा श्रोत्याला ओळख पटते ती त्याची त्याला, संचालकानं बोट दाखवून दिलेली नव्हे.

आता तो अडाजिओ. सिम्फनी डी मेजरमध्ये सुरू झाली होती, हा भाग डी फ्लॅट मेजरमध्ये आहे, म्हणजे अर्ध्या स्वरानं खाली. सगळ्या तारा एकत्र येऊन प्रार्थनेसारखी सुरावट धरतात आणि दर काही स्वरांनी तो वळसा येतो, कधी व्हायोलिनांत, कधी व्हायोलांत, कधी आत दडलेल्या स्वरांत. माहलरनं लिहिलं आहे, अगदी संथ, आणि त्यातही रोखून. मग वॉल्टरची १८ मिनिटं म्हणजे सरळसरळ आज्ञाभंग झाला का? हा प्रश्न मला बराच काळ छळत होता. काही अभ्यासक तबकडीच्या मर्यादेकडे बोट दाखवतात. पण दोन यंत्रं आळीपाळीनं चालवली की सलग मैफल टिपता येते, आणि सभागृहात वाजवणाऱ्याला बाजू संपायची फिकीर करावी लागत नाही. ते कारण मला पुरेसं वाटत नाही. मला वाटतं, उत्तर श्वासात आहे. वॉल्टर ही सुरावट गायच्या लायकीची ठेवतो. प्रत्येक ओळ एका दमात म्हणता येते. पंचवीस मिनिटांच्या वादनात ती ओळ माणसाच्या छातीत मावत नाही, ती वाद्यवृंदाच्या आणि सभागृहाच्या मालकीची होते. त्यात भव्यता आहे, आणि मी त्या भव्यतेपुढे कितीदा तरी झुकलो आहे. इथं मात्र तिच्यात कुणीतरी एक माणूस आहे.

मधे बासून एकटाच कोरड्या आवाजात येतो, मग सगळं रिकामं होतं, उंच व्हायोलिन आणि खोल चेलो यांच्यामध्ये काहीच उरत नाही. इथंही वॉल्टर चालत राहतो, आणि शेवटच्या मोठ्या लाटेत रोझे आणि त्याचे सहकारी पुन्हा ती मींड घेतात, या वेळी अधिक जोरात, अगदी उघड. सगळ्यांत शेवटी फक्त तारा, दबक्या आवाजात. पहिल्या व्हायोलिनांत माहलरच्या 'किंडरटोटनलीडर' या, मेलेल्या मुलांवरच्या गीतमालेतल्या चौथ्या गीताची सुरावट तरळून जाते. मुलं फक्त फिरायला गेली आहेत, लवकरच परततील, अशा आशयाचं ते गीत. ही गीतमाला माहलरनं मारिया जाण्याच्या आधीच रचली होती. ज्यांना हे माहीत आहे ते संचालक इथं थांबतात. वॉल्टरला हे सगळ्यांच्या आधी माहीत होतं, तो त्या घरात जात-येत होता. तो थांबत नाही.

मैफलीनंतरच्या हकिगती आता सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण नावं घेतली आहेत. मार्चमध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाला तेव्हा वॉल्टर अ‍ॅमस्टरडॅममध्ये होता; जर्मनीतून त्याला १९३३ मध्येच हुसकावलं होतं, आता ऑस्ट्रियाही गेला. त्याची मोठी मुलगी लोटे व्हिएन्नात काही दिवस अटकेत होती. सत्तावन्न वर्षं पहिल्या खुर्चीत बसलेल्या रोझेला निवृत्त केलं गेलं. तो १९३९ मध्ये लंडनला पोचला आणि १९४६ मध्ये तिथंच वारला. त्याची मुलगी आल्मा ऑशविट्झमध्ये स्त्री-कैद्यांच्या वाद्यवृंदाची संचालक झाली आणि १९४४ मध्ये तिथंच गेली. फिलहार्मोनिकच्या सात वादकांचा छळछावण्यांत किंवा छळापायी मृत्यू झाला. माहलरचं संगीत व्हिएन्नात १९४५ पर्यंत बंद राहिलं. हे सगळं खरं आहे, आणि ते सांगितलंच पाहिजे. माझं म्हणणं इतकंच आहे, की यातलं काहीही त्या वीस बाजूंवर वाजलेलं नाही. तिथं वाजलंय ते अजून काहीही हरवलं नसलेल्या वाद्यवृंदाचं, सत्तावन्न वर्षांच्या सवयीनं खुर्चीत बसलेल्या माणसाचं, आणि ६१ वर्षांच्या, भर बहरातल्या संचालकाचं वादन.

वॉल्टरनं ही सिम्फनी पुन्हा मुद्रित केली ती १९६१ मध्ये, कॅलिफोर्नियात, कोलंबिया सिम्फनी ऑर्केस्ट्रासोबत. तेव्हा तो ८४ वर्षांचा होता आणि वर्षभरानं गेला. ते मुद्रण स्टीरिओ आहे, स्वच्छ आहे, प्रेमळ आहे, आणि दहा-एक मिनिटांनी मोठं आहे. पुष्कळ जाणकार तेच अधिक मानतात आणि त्यांची कारणं योग्य आहेत: हार्प ऐकू येतो, खालच्या तारा ऐकू येतात, विणलेल्या सुरावटी सुट्या होतात. कुणाला ही सिम्फनी नव्यानं ऐकायची असेल तर १९६१ चं मुद्रण आधी घ्यावं, सिम्फनीचा नकाशा डोक्यात बसू द्यावा. मग १९३८ चं लावावं, आणि लावताना सरळ तिसऱ्या भागापासून, थोड्या मोठ्या आवाजात.